पासंग

सियागंजात एकेचाळीस वर्षं मी काटा धरला.
हळद, धणे, खोबरं, मंदसोरची लसूण.
दांडी थरथरून थांबते ना,
त्या क्षणी डोळे मिटूनही आकडा सांगायचो.

आता गीताभवनच्या मागे, तळमजल्यावर,
देवासची तृप्ती चौरे नावाची मुलगी
माझ्या डाव्या बुटात वायरवाला पातळ तळवा सरकवते
आणि म्हणते, काका, चला, आज तुमचं वजन करू.
सगळं नको. अर्धंच.

समोर पडद्यावर दोन खांब.
उजवा छातीपर्यंत चढलेला,
डावा तांब्याच्या तळाशी उरलेल्या पाण्याएवढा.
मी म्हटलं, म्हणजे म्हणायला गेलो,
जिभेचा डावा कोपरा अजून रजेवर आहे,
पोरी, तुझ्या काट्यात पासंग आहे.
ती म्हणाली, काटा बरोबर आहे, काका.
माल कमी भरतोय.

त्या सकाळी दाढी करताना
वस्तरा नव्हे, मीच खाली पडलो.
एमवायमध्ये तीन दिवस पायाकडे बघत होतो.
पाय होता. लुंगीतून बाहेर आलेला, माझाच,
अंगठ्याच्या नखावर जुनी काळी ठेच असलेला.
फक्त त्याच्याकडून
काही निरोप येत नव्हता.

नियम सोपा.
डाव्यावर वीस किलो टाकलं की यंत्र म्हणतं, टूं.
एकोणीसला गप्प.
एकोणीस पूर्णांक नऊला पण गप्प.
मी उजव्या हातानं गज धरला, जरा रेललो,
कोणाला दिसणार नाही इतकाच.
टूं नाही.
खांब उलट खाली.

आता कोणापासून लपवायचं?
दिवाळीच्या गर्दीत, शेठनं डोळ्यानं खुणावलं की
माझी करंगळी पारड्याला लागायची.
एकदा नाही.
तिथे बोट टेकलं की माल वाढायचा,
इथे बोट टेकलं की मीच घटतो.
तृप्तीला यातलं काही ठाऊक नाही.
ती एवढंच म्हणते, काका, हात सोडा.

बावीस. बावीस. एकवीस. चोवीस.
एकदा अठ्ठावीस, तेव्हा शिंक आली होती, ते धरायचं नाही.

घरी यंत्र नाही.
घरी शैला आहे.
मी न्हाणीघराकडे निघालो की
पोह्यांना फोडणी घालता घालता ती तोंडानं म्हणते, टूं.
टाच टेकली तरी टूं.
नुसती घासली तरी टूं.
मागे वळून न बघता, टूं, टूं, कढीपत्ता कुठाय, टूं.
मी दारात थांबून म्हटलं,
खोटं माप देतेस.
ती म्हणाली, जन्मभर तुम्ही दुसऱ्यांना दिलंत,
मी घरात दिलं तर काय बिघडलं?
म्हणजे तिला ठाऊक होतं.
एवढी वर्षं.
मी भिंतीला धरून उभा राहिलो,
आणि तेवढं वजन कुठल्या पायावर होतं
ते बघायचं राहूनच गेलं.

सहाव्या आठवड्यात तृप्ती आवाज कमी करू लागली.
आधी एकाआड एक पावलाला.
मग पाचाला एक.
मग बंदच.
म्हटलं, अगं, मग मला कळणार कसं?
तिनं पडदाही भिंतीकडे फिरवला.
काका, दांडी थांबते तो क्षण तुम्हाला कळायचा ना?
तेव्हा कोण टूं म्हणायचं?

परवा लोकमान्य नगरात, दूध आणायला,
आम्ही दोघं.
तिच्या हातात पिशवी, माझ्या हातात काठी,
काठी जरा वरच धरलेली, शोभेपुरती.
कोपऱ्यावर एक टेंपो मागे येत होता,
टूं, टूं, टूं,
आणि माझी डावी टाच आपसूक
प्रत्येकाला खाली.
ड्रायव्हर ओरडला, अरे भिया, साइड में!
शैला म्हणाली, हात धरू का?

थांब, म्हटलं.
आधी त्याचा आवाज थांबू दे.
मग बघू
खरं किती भरतं.